हवापालट

पूर्वी डॉक्टरांची औषधे संपली की ते हवापालट सांगत. माझ्या आजोबांना एका डॉक्टरांनी पाचगणीला जायला सांगितले होते. आजोबा गेले नाहीत. नगरसारखी कोरडी हवा घरात फुकट मिळत असताना ती विकत कशाला घ्यायची, असा त्यांचा रोकडा सवाल होता. आणि ह्याच हवेत ते पुढे वीस-बावीस वर्षे ठणठणीत जगले. त्यामुळे हवापालट ह्या शब्दाला आमच्या घरात फारशी पत उरलेली नाही. यंदा मात्र एक हवापालट मला फार जवळून पाहावा लागला. मौज अशी, की तो माणसाचा नव्हता. पिस्तुलाचा होता.

पिस्तूल म्हटल्यावर दचकू नका. मराठी शिकवणाऱ्या माणसाचा आणि शस्त्राचा संबंध वीररसापुरता, हे मला ठाऊक आहे. पण आमच्या कॉलेजात अलिखित नियम आहे, की ज्याच्या विषयाला विद्यार्थी कमी त्याच्या गळ्यात जिमखाना. तेव्हा अलंकार आणि वृत्ते शिकवून झाली की मी जिमखान्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन बसतो. तिथे दहा मीटर अंतरावरून हवेच्या पिस्तुलाने नेम मारतात. सरकारदप्तरी २०२४ पासून अहिल्यानगर झालेले, पण जिभेवर अजून नगरच असलेले आमचे गाव रणगाड्यांचे. चिलखती दलाचे शिक्षणकेंद्र इथे, रणगाड्यांचे संग्रहालयही इथेच. अशा गावात ४.५ मिलिमीटर जाडीचा, अर्ध्या ग्रॅमचा शिशाचा छर्रा म्हणजे पोलादाच्या कारखान्यात टाचणी! पण ह्या टाचणीला दहा मीटरवरचे साडेअकरा मिलिमीटरचे वर्तुळ गाठायचे असते, तेही सव्वा तासात साठ वेळा, एका हाताने.

शेडमधले पिस्तूल एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांनी दिलेले. त्याच्या नळीखाली एक छोटी टाकी असते आणि तिच्यात कार्बन डायऑक्साइड द्रवरूपाने भरलेला असतो. सोडावॉटरला फेस आणणारा वायू तो हाच. घोडा दाबला की टाकीतली थोडी वाफ सुटते आणि छऱ्याला ढकलते. जगभरचे स्पर्धक एके काळी हाच वायू वापरीत. १९९० नंतरच्या दशकात बहुतेकांनी तो सोडला आणि दाबून भरलेली साधी हवा घेतली. असे का झाले असेल, हे मला त्या शेडमध्ये एका मुलीने शिकवले.

ही माझ्याच वर्गातली, पारनेर तालुक्यातली, कांदा पिकवणाऱ्या घरातली. वर्गात मागच्या बाकावर बसून ती उपमा आणि उत्प्रेक्षा यांची हमखास गल्लत करते. पण पिस्तूल उचलले की तिचा हात असा ठरतो, की बघणाऱ्याने श्वास रोखावा. जानेवारीत ती सकाळी सात वाजता नेम मारी तेव्हा छर्रे खाली पडत. एप्रिलमध्ये दुपारी तेच छर्रे वर चढत. हात तोच, डोळा तोच. पोरगी रडकुंडीला आली. "सर, माझंच काहीतरी चुकतंय," असे ती म्हणे. मला तिची समजूत घालता येईना, म्हणून मी शेजारच्या खोलीतल्या पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्यांकडे गेलो. त्यांनी खडू घेऊन फळ्यावर आकडे मांडले.

शून्य अंशाला टाकीतल्या वायूचा दाब वातावरणाच्या पस्तीस पट. वीस अंशाला सत्तावन्न पट. तीस अंशाला बहात्तर पट. आणि एकतीस अंशाच्या वर तो वायू द्रवरूपात राहायलाच तयार नसतो. मग टाकी जितकी भरली असेल तितका तो माजतो. आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात एकतीस अंश सकाळी नऊलाच होतात! शिवाय प्रत्येक नेमाबरोबर थोडा द्रव उडून जातो आणि जाताना टाकीची ऊब घेऊन जातो. भराभर नेम मारले तर टाकी गार पडते, दाब उतरतो. सेकंदाला दीडशे मीटरने जाणारा छर्रा एकशेचाळीसने गेला, की दहा मीटरवर तो सुमारे तीन मिलिमीटर खाली लागतो. साडेअकराच्या वर्तुळात तीन मिलिमीटर म्हणजे किती, ते तुम्हीच ठरवा.

मराठीचा प्राध्यापक म्हणून मला ह्यात एक वेगळीच गंमत दिसली. आपल्या भाषेत हवा म्हणजे श्वासाने आत घेतो ती, आणि हवा म्हणजे थंडी-ऊन-पावसाचे मानही. आजची हवा बरी नाही, असे आपण म्हणतो तेव्हा प्राणवायूविषयी बोलत नसतो. ते पिस्तूल दुसऱ्या अर्थाच्या हवेचे गुलाम होते. त्यातून त्याला सोडवायचे तर त्यात पहिल्या अर्थाची हवा भरायला हवी होती. कारण हवा नेहमीच्या तापमानात कितीही दाबली तरी द्रव होत नाही. ती वातावरणाच्या दोनशे पट दाबाने टाकीत बसते, आणि टाकीपुढचा नियामक प्रत्येक नेमाला तिच्यातला ठरलेलाच दाब पुढे सोडतो. सकाळ असो की दुपार.

योकोहामाला माझी बहीण असते. तिचा मुलगा खेळातल्या पिस्तुलांचा षौकीन. सहा मिलिमीटरच्या प्लॅस्टिकच्या गोळ्या मारणारी ती पिस्तुले तिथे पोरांचेच नव्हे, मोठ्यांचेही वेड आहे. फोनवर त्याला मी ही हकिकत सांगितली तर तो मोठ्याने हसला. "मामा, आमच्याकडेही हेच!" म्हणाला. त्या खेळण्यांत आधी रेफ्रिजरेटरचा फ्रिऑन वायू भरीत. ओझोनच्या रक्षणासाठी १९८७ साली माँट्रियलचा करार झाला, फ्रिऑन हद्दपार होत गेला आणि मोटारीच्या एअरकंडिशनरमधला १३४-ए आला. काही मंडळींना तो मिळमिळीत वाटतो. ते प्रोपेन भरतात, म्हणजे आपल्या स्वयंपाकाच्या गॅसचाच भाऊ, थोडे सिलिकॉनचे तेल घातलेला. वीस अंशाला पहिल्याचा दाब वातावरणाच्या सहा पटींच्या आत, दुसऱ्याचा आठ पटींच्या वर. सौम्य वायूसाठी घडवलेल्या प्लॅस्टिकच्या पिस्तुलात हा दांडगा वायू भरला, की वरचा सरकता भाग आपटून आपटून एक दिवस तडकतो. मी हिशेब केला. त्याचा तो सौम्य वायू आमच्या नगरला मे महिन्यात आणला, तर चाळीस अंशाला तो दहा पटींवर जाईल. म्हणजे डबा न बदलताच वायू बदलला! आमच्या उन्हाला दुकानात जाण्याची गरज पडत नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग भरा हवा त्या जुन्या पिस्तुलात आणि मोकळे व्हा. सायकलच्या दुकानातल्या काकांनीही हाच सल्ला दिला होता. एका हितचिंतकाने तर इस्पितळातला ऑक्सिजन सुचवला. हा सल्ला मी इथे मुद्दाम लिहितो, कारण तो ऐकणारा माणूस हात गमावून बसेल: एवढ्या दाबाच्या ऑक्सिजनला तेलाचा नुसता ओशटपणा लागला तरी भडका उडतो. साधी हवाही चालत नाही. सत्तर-ऐंशी पटींसाठी केलेल्या टाकीत आणि झडपेत दोनशे पट कोंबायचे म्हणजे नळीचा बाँब करायचा. टाकी वेगळी, नियामक वेगळा, झडप वेगळी; आणि आमच्या जुन्या पिस्तुलाला ते भाग मिळेनात. त्यात ती टाकी कालबाह्य निघाली. स्पर्धांच्या नियमाप्रमाणे टाकीची मुदत दहा वर्षांच्या वर धरीत नाहीत, आणि मुदत सांभाळणे ही स्पर्धकाचीच जबाबदारी. नेम कितीही चांगला असो, पुण्याच्या स्पर्धेत तिला ती टाकी घेऊन उभे राहता आले नसते.

नवे पिस्तूल दीड-दोन लाखांच्या घरात जाते. पुण्यातल्या एका खेळाडूने वापरलेले, हवेचे, त्याच्या निम्म्यात मिळत होते. मुलीच्या वडिलांना मी बोलावून घेतले. ते नेप्तीच्या बाजारात कांदा टाकून तसेच आले होते; धोतराला लाल माती, हातात पट्टी. त्यांनी आधी परवान्याचे विचारले. वीस जूलच्या आतल्या, ४.५ मिलिमीटरच्या हवाई पिस्तुलाला परवाना लागत नाही, असे मी सांगितले. मग त्यांनी मी सांगितलेली सगळी कथा शांतपणे ऐकली आणि विचारले, "म्हंजी हवेला बी पैसे लागत्यात का, सर?"

मला आजोबा आठवले. पण हसू आले नाही. कारण त्यांच्याजवळचे पैसे बोअर घेण्यासाठी बाजूला काढलेले होते, हे मुलीने मला आधीच सांगितले होते, आणि पारनेरकडे बोअर म्हणजे काय, ते तिकडच्या माणसाला विचारावे. मी त्यांना घ्या म्हणालो नाही, नका घेऊ असेही म्हणालो नाही. कविता समजावून सांगताना मला जे धैर्य असते ते दुसऱ्याच्या पाण्याच्या पैशापुढे राहत नाही. ते उठले, शेडमध्ये गेले, आणि मुलीला म्हणाले, "मार बघू." तिने दहा नेम मारले. त्यांना वर्तुळांतले काही कळत नव्हते. ते कागदाकडे बघतच नव्हते. तिच्या हाताकडे बघत होते.

आठ दिवसांनी पिस्तूल आले. बोअर पुढच्या वर्षावर गेली.

हवा भरण्याचा हातपंप दिसायला सायकलच्या पंपासारखाच, पण स्वभावाने अगदी वेगळा. शंभर पटींपर्यंत तो आपले ऐकतो. पुढे आपल्याला त्याचे ऐकावे लागते. तळाशी ओलावा टिपणारी नळी असते, कारण दाबलेल्या हवेतून पाणी सुटते आणि ते टाकीत गेले की आतून गंज चढतो. मी पहिल्या दिवशी पंचवीस हात मारले आणि खुर्ची शोधली. मुलीचे वडील तेव्हा तिथेच होते. सबंध हंगाम फवारणीचा पंप पाठीवर वागवणारा माणूस! त्यांनी टोपी काढून खिडकीत ठेवली आणि संथपणे, मध्ये न थांबता, काटा दोनशेवर नेला. टाकी हाताला कोमट लागत होती. ती निवली तसा काटा थोडा खाली सरकला.

"उतरला की, सर," ते म्हणाले.

दाबताना हवा तापते, निवल्यावर दाब कमी होतो, असे मी सांगू लागलो. माझे वाक्य पुरे होण्याआधीच त्यांनी पुन्हा मूठ धरली होती. पुण्याची स्पर्धा डिसेंबरात आहे.