तू कुणाकडून?

वेल्ह्यात भारत-पाकिस्तान सामना लागला की हॉटेलात कुणीतरी हसत मला विचारतंच, "तू कुणाकडून?" तेव्हा मला आजोबा आठवतात.

ते भोरहून मुंबईला गोदीत कामाला गेले होते. १९४० साली कूपरेजवर रोव्हर्स कपची फायनल होती. कलकत्त्याचा मोहमेडन स्पोर्टिंग आणि १९३७ चा विजेता बंगलोर मुस्लिम्स. दोन्हीकडे मुसलमान! मग आजोबा कुणाकडून?

ते बंगलोरकडून ओरडले. कारण एकच, खोलीतला धारवाडचा हिंदू सोबती बंगलोरकडून ओरडत होता. कप मोहमेडनने नेला. दोघे हिरमुसून चालत खोलीवर आले आणि एकाच ताटात जेवले.

आजोबांना 'तू कुणाकडून' असं त्या सोबत्याने कधी विचारलं नाही.