हिज्कीयाची पंधरा वर्षं

लेंटच्या दिवसांत आमच्या मंडळीत दर बुधवारी संध्याकाळी बायबल अभ्यास असतो. यंदा पाळकसाहेबांनी यहूदाचा राजा हिज्कीया घेतला. त्याची हकिकत शास्त्रात तीन ठिकाणी आहे: दुसरे राजे १८ ते २०, दुसरे इतिहास २९ ते ३२ आणि यशया ३६ ते ३९. तिन्ही शेजारीशेजारी उघडून वाचायचं ठरलं, आणि त्याचा फार उपयोग झाला.

हिज्कीया म्हटलं की लहानपणापासून ऐकलेला संदेश आठवतो तो पत्राचा. अश्शूरच्या सन्हेरीबाचं धमकीचं पत्र आलं, तेव्हा राजाने ते मंदिरात नेऊन परमेश्वरापुढे पसरलं. पण त्याआधीचं आमच्याकडून कधी नीट वाचलंच जात नाही. ख्रिस्तपूर्व ७०१ च्या त्या स्वारीत हिज्कीयाने आधी खंडणी दिली: तीनशे किक्कार चांदी, तीस किक्कार सोनं. त्यासाठी मंदिराच्या दारांवरचं सोनंही उतरवलं. खंडणीची ही गोष्ट राजेमध्ये आहे, इतिहासात नाही. उलट, तट दुरुस्त केल्याचं आणि शहराबाहेरचे झरे बुजवल्याचं इतिहास सविस्तर सांगतो. गीहोन झऱ्याचं पाणी आत आणणारा ५३३ मीटरचा बोगदा यरुशलेमात आजही चालून पाहता येतो. म्हणजे पत्र पसरणाऱ्या माणसाने पैसा, दगड, पाणी सगळं करून पाहिलं होतं. हे कळल्यावर ती प्रार्थना मला जास्त आपली वाटू लागली. आम्हीही बहुतेक वेळा सगळे उपाय संपल्यावरच गुडघे टेकतो, आणि तरीही ऐकलं जातं.

हिज्कीयाच्या मरणाच्या दारातल्या आजारपणाच्या अध्यायाला आमच्यातल्या निवृत्त परिचारिका बाई बोलल्या. देवाने त्याला बरं करण्याचं आणि आणखी पंधरा वर्षं देण्याचं वचन दिलं, तरी संदेष्टा यशयाने गळवावर अंजिराची पोटीस बांधायला सांगितली, हे त्यांना फार मोलाचं वाटतं. वॉर्डात कितीतरी नातेवाईक त्यांना विचारत, औषध घेतलं तर विश्वास कमी ठरतो का. त्या हाच अध्याय दाखवत.

मग एकाने हिशेब मांडला. राज्य एकूण २९ वर्षं, स्वारी चौदाव्या वर्षी, आयुष्यात वाढलेली वर्षं १५. म्हणजे वेढा आणि आजार एकाच सुमाराचे. त्यानंतरचा काळ सगळा दानात मिळालेला. आणि त्याचा मुलगा मनश्शे गादीवर आला तेव्हा बारा वर्षांचा होता, म्हणजे तो याच दानातल्या वर्षांत जन्मला.

याच वर्षांत बाबेलचे दूत प्रकृतीची विचारपूस करायला आले आणि राजाने त्यांना भांडाराचा कानाकोपरा दाखवला. यशयाने सांगितलं, हे सगळं एक दिवस बाबेलला जाईल, तुझ्या वंशजांनाही नेतील. हिज्कीयाचं उत्तर असं की परमेश्वराचं वचन चांगलं आहे. आपल्या हयातीत तरी शांती राहील.

या उत्तरावर आमचं एकमत झालं नाही. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, ही देवाच्या न्यायापुढची नम्रता आहे. इतिहासात तो नम्र झाल्याचं लिहिलंच आहे. शाळेत शिकवणारी एक ताई मात्र ठाम होती: स्वतःच्या मरणाची बातमी आली तेव्हा भिंतीकडे तोंड करून रडलेला माणूस मुलांच्या वाट्याचं दुःख ऐकून स्वस्थ कसा राहतो? मला ताईचं पटतं. शत्रू दाराशी असताना त्याने देवासमोर कागद पसरला. पाहुणे कौतुकाने आले तेव्हा देवाला विचारल्याचं कुठेच येत नाही. माझ्याही घरात आजार गेला, कर्ज फिटलं, की कौटुंबिक प्रार्थना आधी लांबणीवर पडते. मुलं ते पाहत असतात.

मनश्शेने बापाने पाडलेली उच्च स्थानं पुन्हा बांधली आणि ५५ वर्षं राज्य केलं. त्याला बेड्या घालून बाबेलला नेलं, तिथे त्याने प्रार्थना केली आणि देवाने त्याला परत आणलं, हे फक्त इतिहासाच्या ३३ व्या अध्यायात आहे. पुढचा बुधवार आम्ही त्याच्यासाठी ठेवला आहे, आणि ताईंनी या वेळी तरुण संघालाही बोलावलं आहे.