सभा संपली की पप्पा येतील

घटस्फोटाच्या हक्कावर मी आजवर पुष्कळ भाषणे ठोकली आहेत. राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ साली कोल्हापूर संस्थानात काडीमोडाचा कायदा केला, हे मी दसरा चौकात छाती पुढे काढून सांगितले आहे. १९५१ मध्ये बाबासाहेबांनी कायदेमंत्रीपद सोडले, त्यामागे रखडलेले हिंदू कोड बिल हे मोठे कारण होते, हेही सांगितले आहे. नंतर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात घटस्फोट आला. आपण बौद्धही त्याच कायद्याखाली येतो.

मग माझाच संसार मोडला. दोघांच्या संमतीने, भांडणतंटा न करता. आम्ही वकिलांशी बोललो, नातेवाइकांशी बोललो, वस्तीतल्या जाणत्यांशी बोललो. दुसरीतल्या मुलीशी मात्र कोणीच बोललो नाही. ती लहान आहे, तिला काय कळते, असे आम्ही धरून चाललो.

ती वर्गात बोलेनाशी झाली. तिची आई तिला एका समुपदेशक बाईंकडे घेऊन गेली. तिसऱ्या खेपेला मलाही बोलावले. बाईंनी तिच्यापुढे कोरा कागद आणि तेलखडू ठेवले आणि एवढेच म्हणाल्या, "घरातली माणसं काहीतरी करतायत, असं चित्र काढ."

तिने चूल काढली, आई काढली, आजी काढली, आजीजवळ स्वतःला काढले. कागदाच्या पार कोपऱ्यात हातात माईक धरलेला एक माणूस. मी लगेच विचारले, "हा मी काय?" बाईंनी मला डोळ्यांनीच गप्प केले आणि तिला म्हणाल्या, "तुझ्या चित्राची गोष्ट सांग की."

ती म्हणाली, "पप्पा सभेत हायत. सभा संपली की येतील."

सहा महिने ती सभा संपायची वाट बघत होती.

बाईंनी नंतर मला ही पद्धत समजावून सांगितली. बर्न्स आणि कॉफमन या दोघांनी ती १९७० मध्ये मांडली. ज्याला शब्द सापडत नाहीत ते मूल हाताने सांगते. पण चित्र म्हणजे एक्स-रे नव्हे. काळा रंग दिसला की दुःख, हात काढले नाहीत की मारहाण, असले अर्थ आपण लावायचे नाहीत. मुलानेच सांगायचे, आपण ऐकायचे. आणि ते चित्र कोर्टात एकमेकांविरुद्ध पुरावा म्हणून तर मुळीच नाचवायचे नाही. तसे केले तर मूल पुन्हा कधी खडू हातात धरणार नाही.

त्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून तिला खरे सांगितले. ती रडली. मग तिने विचारले, "माझं काय चुकलं?" बाई म्हणाल्या, हा प्रश्न बहुतेक मुलांच्या पोटात असतो, फक्त तो बाहेर यायला हवा.

मित्रांनो, मुलांचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे, असे बालहक्क संहितेचे बारावे कलम सांगते. भारताने ती १९९२ मध्ये स्वीकारली. ताब्याचा निर्णय देताना जाणत्या मुलाची पसंती न्यायालय विचारात घेऊ शकते, हे तर १८९० च्या पालकत्व कायद्यातच आहे. पण आपल्या वस्तीत मुलाला काय विचारतात? "तू कुणाकडं राहणार, आईकडं का बाकडं?" तेही चारचौघांत, हसत हसत. नवरा सोडलेल्या बाईला नावे ठेवणाऱ्यांत निळा झेंडा खांद्यावर घेतलेलेही असतात. हक्क बाबासाहेबांचा सांगायचा आणि तो वापरणारीला मनूच्या तराजूत तोलायचे, हे कुठले आंबेडकरवादीपण?

समुपदेशन ही पैसेवाल्यांची चैन आहे, असेही ऐकतो. फी परवडत नाही हे खरेच. म्हणून सरकारी दवाखान्यात आणि शाळेत बालसमुपदेशक मागणे हा आपल्या चळवळीचा विषय झाला पाहिजे. तोवर दर रविवारी विहारात वंदनेनंतर मुलांपुढे कागद आणि खडू ठेवूया. उपचार आपण करायचे नाहीत, ते जाणकारांचे काम. आपण फक्त शेजारी बसायचे आणि मूल सांगेल ते ऐकायचे.

मुलगी आता आठवड्यातले दोन दिवस माझ्याकडे असते. त्या दोन दिवसांत मी सभा घेत नाही.

जय भीम!