नऊ मिलिमीटरचं ऋण

माझ्या कॅमेऱ्याच्या मुठीवरचं रबर दोन पावसाळ्यांपूर्वी फुगून सुटलं. या पिढीतल्या निकॉन कॅमेऱ्यांचं हे जुनंच दुखणं आहे. मी ते दोन्हीकडून चिकटणाऱ्या पट्टीनं बसवलं आणि काम चालू ठेवलं. यंदा दिवाळीला मुलगी पुण्याहून आली. अंगणातल्या किल्ल्याचा फोटो काढायला तिनं कॅमेरा उचलला आणि ते रबर तिच्या बोटांना चिकटून वर आलं.

"बाबा, आता नवीन बॉडी घ्या. पैसे मी देते. नाही म्हणायचं नाही."

ती मनापासून बोलत होती, म्हणून मी लगेच नाही म्हटलं नाही. भाऊबीजेपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत मी खरोखर विचार केला. त्या दिवसांत जे आठवलं, ते लिहून ठेवावंसं वाटतं.

माझा कॅमेरा निकॉन डी९०. २००८च्या ऑगस्टमध्ये तो जाहीर झाला, तेव्हा व्हिडिओ घेणारा तो पहिलाच डीएसएलआर होता. मी २००९ साली घेतला. त्या वेळी मी कोल्हापुरात शुक्रवार पेठेकडच्या एका शाळेत चित्रकला शिकवत होतो आणि माझे जवळजवळ तीन पगार त्यात गेले. बारा मेगापिक्सेल, एकच कार्ड, आणि आयएसओ सोळाशेच्या वर नेला की सावल्यांत दाणे उठतात. आजच्या बॉड्या अंधारात कितीतरी स्वच्छ पाहतात, माणसाचा डोळा स्वतः शोधून त्यावर फोकस धरतात. हे सगळं खरं आहे. तालमीत पहाटे ट्यूबलाइटच्या उजेडात तांबड्या मातीतली झटापट टिपताना मला त्याची उणीव जाणवलेली आहे. लग्नाची कामं करणाऱ्या माझ्या एका विद्यार्थ्याला मी स्वतः सांगितलं, की दोन कार्डांची बॉडी घे. एक कार्ड बिघडलं तर कुणाचं लग्न परत लावता येणार नाही.

पण माझा हिशेब वेगळा होता. माझ्या डी९०वर बहुतेक वेळ एकच लेन्स असते: ५० मिलिमीटर, एफ १.८ डी. ती माझी नव्हे. ती काकांची.

काकांचा स्टुडिओ महाद्वार रोडच्या एका बोळात होता. मी कला महाविद्यालयात असताना सुट्टीत त्यांच्याकडे पडेल ते काम करायचो. याशिका मॅट कॅमेऱ्यात १२०चा रोल भरायचा, एका रोलला चौकोनी बारा फोटो. आत डार्करूममध्ये तांबडा दिवा, हायपोचा आंबूस वास, आणि उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा 'इंदू' पेपर. बारीक टोक केलेल्या पेन्सिलीनं निगेटिव्हवर रिटचिंग करायला त्यांनीच मला शिकवलं. त्या शिकवणीचा एक रुपयाही त्यांनी माझ्याकडून घेतला नाही. उलट संध्याकाळी मिसळ खाऊ घालून घरी पाठवायचे.

मी कधी उपकरणांची तक्रार केली, की काका आनंदराव आणि बाबूराव पेंटरांची गोष्ट काढायचे. परदेशी कॅमेरा परवडत नाही म्हणून या दोघांनी इथंच, कोल्हापुरात, स्वतः कॅमेरा बनवायचा घाट घातला. १९१६ साली आनंदराव गेले. बाबूरावांनी हार न मानता तो कॅमेरा पुरा केला आणि त्यावर काढलेला 'सैरंध्री' १९२०मध्ये पडद्यावर आला. "ज्या गावात कॅमेरा घडवला," काका म्हणायचे, "त्या गावात बसून कॅमेऱ्याच्या नावानं रडू नये बाबा."

नोव्हेंबरात किरणोत्सव असला, की ते मला अंबाबाईच्या देवळात घेऊन जायचे, कॅमेरा न घेता. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, गरुड मंडपातून पुढं सरकतात आणि गाभाऱ्यापर्यंत पोचतात. पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी छाती, तिसऱ्या दिवशी मुख. पश्चिमेला ढग असले तर किरणं वाटेतच विरतात. काका भिंतीला टेकून नुसते बघत राहायचे. बाहेर आल्यावर एवढंच म्हणायचे, "उजेड कुठनं येतोय ते आधी बघायचं. मग माणूस."

आणि माणसाबद्दलही त्यांचा एक नेम होता. पासपोर्टचा फोटो काढायला आलेल्यालासुद्धा ते नाव विचारायचे, गाव विचारायचे, आणि पाकिटावर नाव लिहिल्याशिवाय शटर दाबायचे नाहीत. "ज्याचं नाव ठावं न्हाई, त्याचा फोटो म्हंजे नुसता कागद."

२०१० साली त्यांनी स्टुडिओ बंद केला. शेवटच्या दिवशी त्यांनी आपल्या एफ८० कॅमेऱ्यावरून ही लेन्स काढली आणि माझ्या हातात ठेवली. मी पैसे काढले, तर म्हणाले, "ठेव ते खिशात. तुझ्या कॅमेऱ्याला मोटर हाय, चालंल."

मोटरची गोष्ट महत्त्वाची आहे. या जातीच्या लेन्समध्ये फोकस फिरवणारी मोटर नसते. ती बॉडीत असते आणि एका बारीक स्क्रूनं लेन्सला फिरवते. डी९०मध्ये ती आहे. त्याच काळातल्या निकॉनच्या स्वस्त बॉड्यांत नव्हती. आणि आजच्या मिररलेस बॉडीला जुन्या लेन्स जोडायला निकॉन जो अडॅप्टर देते, त्यातही ती नाही. म्हणजे मुलीच्या मनातली नवी बॉडी घेतली असती, तर काकांच्या लेन्सचा फोकस मला हातानं फिरवावा लागला असता. काका आता नाहीत. लेन्स फोकस धरते तेव्हाची ती किरकिर ऐकली, की ते शेजारी उभे असल्यासारखं वाटतं. एवढ्यासाठी जुनी बॉडी ठेवावी का, हे मी स्वतःला विचारलं. नुसत्या आठवणीसाठी यंत्र जपायचं असेल तर ते कपाटात ठेवावं, खांद्यावर मिरवू नये, असं माझं मत आहे. त्यामुळे हे कारण मला पुरेसं वाटलं नाही. पुरेसं कारण वेगळ्याच माणसाकडून आलं.

आमच्या शाळेत शिपाई म्हणून एक मावशी होत्या. घंटा त्यांची, चहा त्यांचा, वर्ग झाडायचे ते त्यांनीच. चौदा वर्षं मी शाळेतले फोटो काढले: स्नेहसंमेलन, सहल, निरोप समारंभ, गणेशोत्सव. मावशी सतराशे साठ वेळा माझ्यासमोरून गेल्या असतील. मी मांडणी करत असलो, की खुर्च्या त्या लावायच्या आणि मग मागं, कडेला जाऊन उभ्या राहायच्या.

२०१९च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला. धोक्याची पातळी ४३ फुटांची. पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. मी तेव्हा गारगोटीकडं गावी होतो आणि रस्ते बंद झाले होते. माझी कॅमेऱ्याची पिशवी, काकांची लेन्स आणि फोटोंची हार्ड डिस्क शाळेच्या तळमजल्यावर चित्रकलेच्या खोलीत, कपाटाच्या खालच्या कप्प्यात होती. मी मनातल्या मनात सगळ्यावर पाणी सोडलं होतं. रात्री उशिरा फोन लागला.

"सर, तुमचं यंत्र वर ठेवलंय. कोरडं हाय."

मावशींनी आधी हजेरीपत्रकं वर नेली, मग पोरांची चित्रं, मग माझी पिशवी. पोषण आहाराच्या तांदळाचं रिकामं पोतं घेऊन त्यात ती गुंडाळली होती. त्यांचं स्वतःचं घर शाळेपेक्षा सखल भागात होतं. त्या घरात शिरलेलं पाणी आठ दिवस हटलं नाही. त्यांच्या घरातलं काय काय वाचलं, हे मी त्या रात्री विचारलं नाही. मी फक्त "मावशी, फार उपकार झाले" म्हटलं आणि फोन ठेवला.

२०२१ला मी निवृत्त झालो. पुढच्याच वर्षी मावशी गेल्या. तिसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा माझ्या दारात आला. त्यांच्या घरातले होते नव्हते ते फोटो पुरात भिजून एकमेकांना चिकटले होते. "सर, तुमच्याकडं आईचा फोटो असंलच की. बाराव्याला ठेवायला पाहिजे. मोठा करून द्या." आणि फोटोखाली लिहायचं नाव त्यानं एका चिठ्ठीवर लिहून दिलं. ते नाव मी तेव्हा पहिल्यांदा वाचलं.

त्या रात्री मी हार्ड डिस्क चाळली, मावशींनीच पाण्यापासून वाचवलेली तीच हार्ड डिस्क. हजारो फोटो. त्यात मावशी एकट्या अशा एकाही फोटोत नव्हत्या. कुठं पाठमोऱ्या, कुठं खुर्ची उचलताना अर्ध्या. चेहरा समोरून दिसतो असा एकच सापडला: शाळेचा समूहफोटो, बारा-बाराच्या तीन रांगा, आणि मागच्या रांगेच्या अगदी टोकाला त्या.

त्या फोटोची रुंदी ४२८८ पिक्सेल. त्यात बारा माणसं शेजारीशेजारी उभी. मावशींच्या चेहऱ्याच्या वाट्याला आले साधारण १०५ पिक्सेल. चांगल्या छपाईला एका इंचाला ३०० पिक्सेल लागतात. म्हणजे मावशींचा चेहरा नीट छापता येत होता तो जेमतेम नऊ मिलिमीटर रुंद. माझ्या अंगठ्याच्या नखापेक्षा लहान. त्यात समूहासाठी लावलेल्या रुंद कोनाच्या लेन्सनं कडेचा चेहरा ताणलेला. उरलेली रात्र मी तो मोठा करत राहिलो, रिटचिंगचं शिकलेलं सगळं पणाला लावलं. सकाळी जे हातात आलं, ते मावशींसारखं दिसणारं कुणीतरी होतं. मुलानं ते दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं आणि म्हणाला, "लई उपकार झालं सर." माझेच शब्द माझ्याकडं परत आले. मला मान वर करवली नाही.

यंदा मुलीनं नवी बॉडी घ्यायला सांगितली, तेव्हा पहिल्यांदा मनात आलं ते हेच: तेव्हा चोवीस मेगापिक्सेल असते तर? मी कागद घेऊन बसलो. मेगापिक्सेल दुप्पट झाले तरी रुंदी दुप्पट होत नाही. चोवीस मेगापिक्सेलचा फोटो सहा हजार पिक्सेल रुंद. मावशींचा चेहरा नवावरून साडेबारा मिलिमीटरवर गेला असता. पंचेचाळीस मेगापिक्सेलची महागडी बॉडी असती तर सतरा. बाराव्याला ठेवायचा फोटो त्यातूनही झाला नसता.

मग दुसरा हिशेब मांडला. हाच डी९०, हीच काकांची ५० मिलिमीटरची लेन्स, कॅमेरा उभा धरून मावशींपासून पाच फुटांवर मी उभा राहिलो असतो तर? चेहऱ्याच्या वाट्याला नऊशेच्या आसपास पिक्सेल आले असते. आठ पटींहून जास्त. जगातल्या कुठल्याही कंपनीची बॉडी घेऊन इतका फरक पडत नाही. तो पडला असता मी रांगा ओलांडून त्यांच्यापर्यंत चालत गेलो असतो तर, "मावशी, जरा खिडकीपाशी बसा" म्हटलं असतं तर, आणि त्याआधी, काकांनी शिकवलं होतं तसं, त्यांचं नाव विचारलं असतं तर.

कमी पडला होता तो कॅमेरा नव्हे. कमी पडलो मी, आणि तेही अशा माणसासाठी जिनं आपलं घर बुडत असताना माझं यंत्र कोरडं ठेवलं.

त्रिपुरी पौर्णिमेच्या पहाटे पंचगंगा घाटावर दिवे लागले. मी डी९० घेऊन गेलो. आयएसओ सोळाशे, एफ १.८, पणत्यांच्या उजेडात एक आजी वात सारखी करत होत्या. मी शेजारी बसलो, नाव विचारलं, मग फोटो काढला. सावलीत दाणे आहेत. चेहरा स्पष्ट आहे. घरी येऊन मी मुलीला फोन केला.

"बॉडी नको. पण पैसे दे. मला दुसरं काही करायचं आहे."

तिनं सगळं ऐकून घेतलं. बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "बाबा, मावशींनी मला पहिलीत असताना एकदा रडत होते म्हणून मांडीवर घेऊन लिमलेटची गोळी दिली होती. मी पाठवते पैसे."

त्या पैशांतून मी मुठीचं रबर बदललं, दोन बॅटऱ्या घेतल्या, फोटोंची आणखी एक प्रत ठेवायला दुसरी हार्ड डिस्क घेतली; ती घराच्या वरच्या मजल्यावर असते. उरलेले पैसे छपाईसाठी बाजूला ठेवले. दर रविवारी सकाळी मी एका घरी जातो. शाळेतले जुने शिपाई, पोषण आहार शिजवणाऱ्या बायका, बोळातले म्हातारे इस्त्रीवाले. खिडकी कुठल्या बाजूला आहे ते आधी बघतो. नाव विचारतो आणि वहीत लिहितो. मग पाच फुटांवर बसतो. पुढच्या रविवारी आठ बाय बाराची प्रत नेऊन देतो. त्याचे पैसे घेत नाही. काकांनी माझ्याकडून कधी घेतले नव्हते.

हा कॅमेरा बंद पडेल त्या दिवशी मी दुसरा घेईन. याचं शटर एक लाख वेळांसाठी तपासलेलं असतं. माझं शहाऐंशी हजारांवर आलंय. तुमची गरज खरी असेल, तर तुम्हीही जरूर घ्या. पण दुकानात जाण्याआधी घरातले आणि कामाच्या जागेचे फोटो एकदा चाळा. ज्यांच्या जिवावर तुमचे दिवस सुरळीत गेले, त्यांच्यातलं कोण नुसतं कडेला उभं आहे ते बघा. उजेड आहे तोवर त्यांच्याकडे जाऊन या.

माझ्या वहीच्या पहिल्या पानावर मावशींचं नाव आहे. त्यासमोरची फोटोची जागा मी रिकामी ठेवली आहे.