आमचा 0250

मनवेलपाड्यातल्या जुन्या दुकानांच्या पाट्यांवर अजून कुठे कुठे 0250 दिसतो. नव्या पोरांना तो गाडीचा नंबर वाटतो. मित्रांनो, हे चार आकडे कधीकाळी आमच्या आणि मुंबईच्या मधली भिंत होते.

विरारपर्यंत विजेची लोकल 1936 सालीच आली. रेल्वेच्या लेखी आम्ही उपनगर, टेलिफोनच्या लेखी मात्र परगाव. 1986 साली निघालेल्या एमटीएनएलच्या हद्दीत मुंबईसोबत ठाणे, नवी मुंबई, मीरा-भाईंदर आले. त्यांचा कोड 022. वसई, नालासोपारा, विरारचा 0250. जिल्हा वेगळा म्हणावा तर भाईंदर आणि वसई दोन्ही तेव्हा ठाणे जिल्ह्यातच. मध्ये फक्त खाडी. त्या काठाला लोकल कॉल, या काठाला एसटीडी. (ज्या सोपाऱ्यात अशोकाचा शिलालेख सापडला, ते बंदर टेलिफोनच्या हिशेबात मुंबईबाहेर!)

याची किंमत कोणी मोजली? मुंबईत खोली परवडेना म्हणून इथल्या चाळीत आलेल्या कामगाराने. बूथवर मशीनचे लाल आकडे पळायचे आणि आम्ही बोलणं आवरतं घ्यायचो.

नव्वदच्या दशकात अंधेरीच्या एका कचेरीत आमची मुलाखत बरी झाली. "फोन करू," म्हणाले. अर्जावर शेजाऱ्यांचा 0250 चा नंबर होता. फोन आला नाही. आठवड्याने गेलो तर कारकून म्हणाला, "आमच्या फोनला एसटीडी लॉक आहे. दुसऱ्याला बोलावलं."

यात जात कुठे आली, असं काही मित्र विचारतात. कारकुनाने जात विचारली नव्हती, हे खरं. पण ज्याचा मामा आत बसलेला असतो त्याला फोनची वाट पाहावी लागत नाही. ज्याच्याकडे नुसता अर्ज असतो, त्याचं सगळं त्या नंबरावर असतं. आणि आपल्यातले किती जण तेव्हा मामावाले होते?

आम्ही नगरपालिकेत निवेदन द्यायला निघालो होतो. एका वडीलधाऱ्या कार्यकर्त्याने थांबवलं आणि संविधान उघडून दाखवलं: सातवी अनुसूची, केंद्राची यादी, नोंद 31. टेलिफोन दिल्लीचा विषय. चुकीच्या दारात उभे राहणार होतो.

पुढे मुंबईहून 95250 लावायची सोय झाली, 2006 साली देशभर रुपयात मिनिट आलं, मग मोबाईलने सगळंच बदललं. 2014 ला पालघर जिल्हा झाला. पालघर गावाचा कोड 02525, आमचा 0250 तसाच.

त्या मुलाखतीनंतरच्या प्रत्येक अर्जावर आम्ही भाईंदरच्या मावशीचा 022 चा नंबर लिहिला. निरोप आला की ती संध्याकाळच्या लोकलने विरारला यायची, चिठ्ठी घेऊन.