मेणाचे हात

बांद्र्याच्या डोंगरावर मोत माउलीच्या, म्हणजे माउंट मेरीच्या, जत्रेत आमच्या मावशीचा मेणबत्त्यांचा मांडव असे. 8 सप्टेंबरचा सण झाला की पुढच्या रविवारी जत्रा लागे आणि आम्हा भाचरांची रवानगी थेट तिथे होई. मांडवात एका बाजूला साध्या मेणबत्त्या, दुसऱ्या बाजूला मेणाचे हात, पाय, डोळे, बाळं, घरं. ज्याचं जे दुखतंय किंवा ज्याला जे हवंय, ते त्याने माउलीला वाहायचं. मावशी गिऱ्हाइकाला एवढंच विचारी, "उजवा की डावा?" कोळणी येत, डोक्यावर पदर घेतलेल्या गुजराती बायका येत, पारशी म्हातारे येत. कुणी हार-नारळही घेऊन वर चढे. मला त्यात नवल वाटत नसे. जत्रा म्हटली की असंच, असं वाटे.

नवल वाटलं ते माझ्या पहिल्या कम्युनियनला, म्हणजे मिस्सात पवित्र भाकर पहिल्यांदा घेण्याच्या दिवशी. शेजारची मैत्रीण, मराठ्यांच्या घरातली, हौसेने मिस्साला आली होती. सगळे रांगेत उभे राहिले तशी तीही राहिली. फादरांनी तिच्या कपाळावर क्रूस काढला, प्रेमाने हसले, पण भाकर दिली नाही. बाहेर आल्यावर तिने विचारलं, "मला खाऊ का नाही दिला गं?" मी कॅटेकिझमच्या, म्हणजे धर्मशिक्षणाच्या, वर्गात पाठ केलेलं उत्तर दिलं. ते तिला पटलं नाही आणि, खरं सांगायचं तर, मलाही फारसं पटलं नव्हतं. मेण सगळ्यांना आणि भाकर फक्त बाप्तिस्मा झालेल्यांना?

पुढे या डोंगराचा इतिहास वाचला तेव्हा हा प्रश्न आणखी टोचायला लागला. माहीम आणि बांद्रा यांच्यामधली खाडी पूर्वी होडीनेच ओलांडावी लागे. होड्या उलटत, माणसं बुडत. खाडीवरच्या रस्त्यासाठी सरकार पैसे घालेना, तेव्हा सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी आवाबाई यांनी दीड लाखाहून अधिक रुपये दिले. अट अशी, की जाणाऱ्या-येणाऱ्याकडून टोल घ्यायचा नाही. 1845 मध्ये कॉजवे खुला झाला. मूल व्हावं म्हणून त्यांनी माउलीला नवस केला होता, असं बांद्र्यात पिढ्यानपिढ्या सांगतात. आजचं चर्च 1904 चं, त्याचे वास्तुशिल्पी शापूरजी चंदाभॉय हेही पारशीच. म्हणजे आत ज्यांच्या हातावर भाकर ठेवली जाणार नव्हती, त्यांनीच वाट बांधली आणि भिंतीही उभ्या केल्या.

आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईकडचे मूळचे कॅथलिक, पाहुण्यांना हे मोठ्या तोऱ्यात सांगतो. ख्रिस्ती झाल्यावरही जात आमच्याबरोबर चर्चमध्ये शिरली, हे मात्र कुणी विचारल्याशिवाय सांगत नाही. गोव्यात तर चर्चच्या कॉन्फ्रारिया, म्हणजे भक्तमंडळं, सुद्धा जातवार असत, आणि मिरवणुकीतल्या झग्यांच्या रंगावरून कोण कुठला ते लांबूनच कळे. परक्याचं स्वागत सोपं असतं. तो संध्याकाळी आपल्या घरी जातो.

रोमने 1965 मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, असं लेखी मान्य केलं. मावशीला ते कधी कळलं की नाही, कोण जाणे. तिचा धंदा त्याच तत्त्वावर आधीपासून चालला होता.

शुभवर्तमानातली मला सगळ्यांत आवडणारी बाई परकी आहे. सिरियातल्या फिनिशियाची. लेकीला बरं करा म्हणून ती येशूच्या पाया पडते आणि येशू चक्क नकार देतो: मुलांची भाकर कुत्र्यांना घालणं बरं नव्हे. ती ना रुसते, ना रडते. मेजाखाली पडलेले चुरे तर कुत्रीही खातात की, म्हणते. त्या उत्तरापुढे येशू आपला शब्द फिरवतो, लेक बरी होते. शुभवर्तमानात येशूला वादात हरवणारं दुसरं माणूस मला तरी आठवत नाही. आणि वाद भाकरीचाच होता.

कम्युनियनच्या संस्काराला श्रद्धा आणि तयारी लागते, हे मला मान्य आहे. पण रविवारच्या प्रवचनात या बाईची नम्रताच तेवढी वाखाणली जाते, तिचा युक्तिवाद कुणी पुढे नेत नाही, याचा मला राग येतो.

मैत्रीण अजूनही दर बुधवारी माहीमच्या सेंट मायकलला नोव्हेनाला जाते. गाणी तिला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत. जत्रेला आम्ही दोघी जातो. मांडवांत आता मेणाची विमानं आणि पासपोर्टही मिळतात. आम्हाला मात्र गुडघ्यांपायी पायच घ्यावे लागतात. चढावर मी तिला त्या बाईची गोष्ट पुन्हा ऐकवायला लागले, तर म्हणाली, "वाद तू घाल. मला रांग गाठायची आहे."