माझा छंद : जुन्या वस्तूंचा संग्रह

'जुने ते सोने' असे आपण म्हणतो खरे, पण दिवाळीची साफसफाई निघाली की तेच जुने आधी मोडीत जाते. म्हणूनच मला जुन्या वस्तू जमवायचा छंद लागला.

मी बारामतीचा, आजोळ इंदापूर तालुक्यात. आजीने मला पहिला राणीछाप रुपया दिला. चांदीचा, वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे त्या वेळचा एक तोळा. व्हिक्टोरिया राणीच्या नाण्यांवर आधी 'क्वीन' असे. १८७७ पासून 'एम्प्रेस', म्हणजे सम्राज्ञी, आले. पुढे एडवर्ड राजाचा रुपया निघाला, त्यावर राजाच्या डोक्यावर मुकुटच नाही! एवढ्याशा नाण्यात केवढा इतिहास!

इंदापूरकडची जुनी पळसदेवसारखी गावे उजनी धरणाच्या पाण्यात गेली. उन्हाळ्यात पाणी ओसरले की जुने देऊळ दिसते, घरे मात्र गेली ती गेलीच. लोकांनी सोबत आणले तेवढेच उरले. कुणाकडे अडकित्ता, कुणाकडे समई. तेही मोडीत गेले तर गावाची खूण काय राहणार?

पुण्याच्या डॉ. दिनकर केळकरांनी आपला मुलगा राजा याच्या आठवणीत अशाच घरगुती वस्तू आयुष्यभर जमवल्या. त्यातूनच राजा दिनकर केळकर संग्रहालय उभे राहिले.

मी प्रत्येक वस्तूला चिठ्ठी बांधतो : कुणाची, कोणत्या गावची, कशासाठी वापरायचे. नाणी घासत नाही, अक्षरे झिजतात. मित्रांनो, वस्तू विकत मिळेल, पण तिची गोष्ट आजी-आजोबांकडेच असते. ती आजच विचारून लिहून ठेवा.